एक अंगात, एक पिशवीत

"अजून वर धर रे धाकू. मागच्यांना दिसायला नको?"

पितळे सर असं म्हणाले तसा धाकूमामा टाचा उचलून उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांत शाळेचा नवाकोरा मरून स्वेटर लोंबत होता, छातीवर पिवळ्या धाग्यानं शिवलेला शाळेचा बिल्ला. नववीच्या दोन्ही तुकड्या हॉलमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. शनिवारी सहल निघायची होती, थेट कळसूबाईला, आणि पी.टी. नि भूगोल हे दोन्ही विषय एकाच आवाजात शिकवणारे पितळे सर बरोबर काय आणायचं ते सांगत होते.

"एक स्वेटर. हाच. गाडीत घालायचा, चढताना घालायचा, शिखरावर घालायचा. गळ्यापर्यंत बटणं लावायची. एकाचंही बटण उघडं दिसलं तर त्याला खालच्या गावात बसवून ठेवीन. आपल्याला वर फोटो काढायचाय, शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी. समजलं?"

"होऽऽ सर!"

दहिसरच्या पोरांना थंडीचं काय कळणार? त्यांच्या लेखी थंडी म्हणजे पंखा एक नंबरवर आणि आजीच्या कानाला रुमाल. त्यामुळे सहलीसाठी मुद्दाम विणून घेतलेल्या त्या स्वेटरचं सगळ्यांना केवढं अप्रूप! तिसऱ्या रांगेत बसलेल्या सुलक्षणानं तर तो आदल्या दिवशी घरी आरशासमोर घालून पाहिला होता, आणि पाच मिनिटांत घामाघूम होऊन काढून फेकला होता.

धाकूमामानं हात खाली आणले. आणता आणता त्यानं बाहीची कड अंगठ्यात आणि बोटात धरून चोळली. एकदा सुलट, एकदा उलट. मग तो म्हणाला, "सर, ह्यो चढताना नको."

"काय म्हणालास?"

"चढताना नको. पोरां घामान भिजतली. मगे वर वारो लागलो की कुडकुडतली."

शिपाई सरांना सांगतोय! पितळे सरांनी कमरेवर हात ठेवले, मुलांकडे पाहून डोळे मोठे केले. "अरे वा! गिरणीतले शास्त्रज्ञ बोलले! या, धाकूशेठ, या. मी बाजूला होतो. आता तुम्हीच सांगा मुलांना." आणि त्यांनी अगदी वाकून, हात पसरून त्याला स्टेजची वाट दाखवली.

दुसरा कुणीही असता तर ओशाळून हसला असता आणि पाण्याची कळशी उचलून चालता झाला असता. धाकूमामानं पायरीशी चपला काढल्या, स्वेटरची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि तो खरंच स्टेजवर चढला.

त्याला टोमणा कळलाच नाही. कसा कळणार? बावीस वर्षं तो गिरणीच्या फोल्डिंग खात्यात होता. तयार कापड टेबलावरून सरकायचं आणि ह्यानं बोटांनी त्यातला दोष पकडायचा. तिथली रीत अशी, की फोल्डिंगवाल्यानं हात वर केला की मुकादम टेबल थांबवायचा आणि म्हणायचा, सांग. मग सांगायचं. मोठा साहेब शेजारी उभा असला तरी सांगायचं. ब्याऐंशीच्या संपात गिरणी सुटली, दोन वर्षं हा घरी बसला, मग ह्या शाळेत टेम्पररी शिपाई म्हणून लागला. पण रीत अंगातून गेली नव्हती. सरांनी टेबल थांबवलं आणि सांग म्हटलं, इतकंच त्याला दिसलं.

"आत सुती," तो म्हणाला. "घाम तो पिता. त्येच्यावर लोकरीचा. दोन पातळ चलतीत, एक जाडो नको. आणि त्येच्यावर रेनकोट."

"डिसेंबरात रेनकोट, मामा?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा.

"पाण्याक नाय रे, वाऱ्याक! वारो अडवूक कायतरी होया ना? रेनकोट नसलो तर पेपर घाला शर्टाच्या आत, छातीर. रातपाळी सुटली की आमी पेपर घालूनच सायकल मारू." तो आता रंगात आला होता. "चढताना घाम येण्याआधी काढूचा. बसताना थंडी वाजण्याआधी घालूचा. वाजल्यावर घातलास तर उपेग नाय. आणि सगळ्यात म्हत्त्वाचा. अंगाक लागून असता तो कपडो दोन आणूचो. झिलग्यांनी गंजी, चेडवांनी शमीज. एक अंगात, एक पिशवीत. वर पोचलात की भिजलेली काढूची, सुकी घालूची."

शमीज!

मग हॉलचं छप्पर उडालं. मुलगे एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले, मुलींनी तोंडं ओंजळीत घातली. सुलक्षणाची जिवाची मैत्रीण चंपा तिच्या मांडीवर कोसळून फुसफुसत होती, "शमीज गं! वाट लागली!" आणि सुलक्षणाही हसली. पोट धरून हसली. ह्या गोष्टीसाठी ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला माफ करू शकली नाही.

दारात मुख्याध्यापिका कारखानीसबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा स्वेटरच्या रंगाचा झाला होता.

"धाकू. खाली उतर. तू सहलीला जायचं नाहीस. सोमवारी मला येऊन भेट."

धाकूमामानं पितळे सरांकडे पाहिलं. सर फळा पुसत होते. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

*

सुलक्षणा पाचवीपासून शाळेत होती, पण ती शाळेत आहे हे शाळेला त्या वर्षीच दिवाळीच्या आधी कळलं. आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत तिचा तिसरा नंबर आला. तिसराच, पण आजवर हजेरीला "हजर" म्हणतानाही जिचा आवाज फुटत नसे, तिला त्या दिवशी एकदम शोध लागला की आपल्याला घसा आहे. तेव्हापासून तो घसा थांबायलाच तयार नव्हता. भाजीवाल्याशी, बस कंडक्टरशी, वर्गातल्या दादा मुलांशी, सगळ्यांशी ती भांडून आली होती. आई म्हणायची, "त्या स्पर्धावाल्यांनी कप दिला असता तर बरं झालं असतं. हिला तोंड देऊन पाठवली."

धाकूमामा त्यांच्याच चाळीत राहायचा, नदीच्या अंगाला, शेवटच्या खोलीत. संध्याकाळी सुलक्षणा स्वेटर काखोटीला मारून तिकडे गेली. जानकीमामी कुळीथ निवडत बसली होती आणि मामावर तोंडसुख घेत होती.

"येवा, बघा. ह्येनी शाळेत भाषाण केल्यानी! घरात इचारला भाजी कशी झाली, तर ह्येंच्या तोंडातून शब्द नाय!"

"मामा," सुलक्षणा म्हणाली, "मी पण हसले."

"हसतलंसच. चेडवां हसतलीच."

"मग तू तो शब्द बोललासच कशाला?"

"मगे काय म्हणू त्येका?" धाकूमामाला खरोखरच प्रश्न पडला होता. "नाव असा त्येचा. शमीज."

खरंच की! सुलक्षणा उंबऱ्यावर बसून विचार करायला लागली, आणि जसजशी करत गेली तसतसं तिचं डोकं तापत गेलं. शमीज ही काय शिवी आहे? दर रविवारी अख्ख्या चाळीच्या दोऱ्यांवर वाळत असतात, येणारा-जाणारा पाहतो, तेव्हा कुणाची अब्रू जात नाही. कारखानीसबाई शाळेत येताना त्याच दोऱ्यांखालून वाकून येतात. आणि एक माणूस, ज्याला स्वतःला मुलगी नाही, मुलगा नाही, तो दुसऱ्यांच्या पोरी थंडीनं आजारी पडू नयेत म्हणून काळजीनं बोलतो, तर तो असभ्य! आणि ज्यानं त्याला हात पसरून वर बोलावलं, तो फळा पुसणार!

"आण तो हय," मामानं स्वेटरकडे बोट केलं. शिवणीतून लोंबणारा एक धागा त्यानं दातानं तोडला, चिमट्यात धरला आणि स्टोच्या ज्योतीला लावला. धागा आक्रसला, वितळला, त्याचा काळा टणक मणी झाला.

"बघितलंस? खरी लोकर जळाली की केस जळाल्यासारखो वास येता नि बोटान चुरगळता. ही लोकर नाय. नायलॉनची भैण. घाम पिऊची नाय, आत कोंडून ठेवतली. आणि वीण बघ, चाळणीसारखी. वारो येवा-जावा करतलो."

"मग घालूच नको?"

"घाल गो, पण वर गेल्यावर. चढताना कंबरेक बांध."

"सर फोटो..."

"फोटो वरच काडतत ना? मगे?"

जाताना त्यानं तिला जुन्या वर्तमानपत्रांची एक जुडी दिली. घड्या अशा घातलेल्या की शर्टाच्या आत बरोबर गळ्यापासून पोटापर्यंत बसाव्यात. सुलक्षणानं दुसऱ्या दिवशी मुलींमध्ये प्रचार केला. पार घसा बसेपर्यंत केला. उपयोग शून्य. कारण मुलांनी तोपर्यंत नाव पाडून ठेवलं होतं: जी दोन शमिजा आणील ती "धाकूची चेली".

"मी नाय बाबा," चंपा म्हणाली. "मला नको तुझी शमीज नि तुझा पेपर. बटाटेवडा आहे का मी, पेपरात गुंडाळायला?"

सुलक्षणानं पिशवीत दोन भरल्या. एक स्वतःसाठी, एक त्या बटाटेवड्यासाठी.

*

रविवारी सकाळी सहा वाजता पायथ्याच्या बारी गावातून सगळे निघाले तेव्हा तोंडातून वाफ येत होती आणि त्याचीच मजा चालली होती. मुलगे खोट्या सिगारेटी ओढत होते. पितळे सर शिट्टी वाजवत रांगेच्या पुढं-मागं धावत होते. "बटणं! बटणं!"

अर्ध्या तासात वाफ बंद झाली आणि घाम सुरू झाला. चढ असा खडा की गुडघे छातीला लागावेत. मरून स्वेटरांची ती लांबलचक रांग आतून शिजत निघाली. चंपाच्या कपाळावरून धारा वाहत होत्या. सुलक्षणानं स्वेटर काढून कमरेला बांधला, पकडली गेली, सरांनी घालायला लावला, वळणावर पुन्हा काढला, पुन्हा पकडली गेली.

"सुलक्षणा, तुला एकटीला वेगळा नियम आहे का?"

"सर, घाम येतोय."

"घाम यायलाच पाहिजे! त्याला व्यायाम म्हणतात!"

साखळ्या धरून शेवटचा कातळ चढले आणि वर पाऊल ठेवलं, तोच वारा आला. वारा कसला, कुणीतरी थंडगार ओल्या फडक्यानं अंगभर फटके मारावेत तसा. एवढ्याशा देवळाभोवती सगळी पोरं चिकटून उभी राहिली. ज्यांनी दोन तास घाम गाळला होता, त्यांचे सगळे कपडे आतून चिंब होते, आणि त्या चाळणीच्या स्वेटरांतून वारा येवा-जावा करत होता. शब्दशः मामा म्हणाला होता तसा.

"रांगेत! फोटोसाठी रांगेत!"

फोटोग्राफर कॅमेऱ्यात फिल्म भरेपर्यंत दहा मिनिटं गेली. मग ढग आला म्हणून पाच. सुलक्षणाच्या शेजारी उभी असलेली चंपा आधी दात वाजवत होती, विनोद करत होती. मग विनोद थांबले. मग दातही थांबले. तिचे ओठ जांभळे पडले होते आणि ती देवळाच्या पायरीकडे पाहून म्हणाली, "आई, दप्तर कुठंय?"

"चंपे?"

"दप्तर... भिजलं."

ती मटकन खाली बसली. गोंधळ उडाला. पितळे सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी एका मुलाचा स्वेटर काढून चंपाच्या अंगावर घातला, त्या ओल्या स्वेटरवर ओला स्वेटर. "पाणी आणा! कांदा आहे का कुणाकडे? कांदा हुंगवा!"

"सर, कांदा नको. तिला कोरडं करायला हवं."

"तू गप्प बस!"

सुलक्षणा गप्प बसली नाही. आता कशाला गप्प बसेल? तिनं शिखरावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सर, तुम्ही आणि सगळे मुलगे पलीकडे तोंड करून उभे राहा. मुलींनो, त्या खडकामागे गोल करा. पाठी आत, बसायच्या चादरी धरा. चला!" तिसऱ्या नंबराचा घसा होता, पोरी हलल्या. पितळे सर, काय वाटलं कुणास ठाऊक, खरंच वळले आणि समोरच्या डोंगरांकडे तोंड करून उभे राहिले.

चादरींच्या आत तिनं चंपाचे ओले कपडे उतरवले, तिचं अंग टॉवेलनं लाल होईपर्यंत चोळलं, कोरडी शमीज घातली, तिच्यावर धाकूमामाच्या घड्यांचे पेपर, त्यावर आपला पिशवीतला सुती ब्लाऊज, मग आपला कोरडा स्वेटर, आणि सगळ्यांवर आपला निळा रेनकोट. बोटं बधिर झाली होती, बटणं लागत नव्हती. दोघी-तिघी रडत होत्या. सुलक्षणा रडली नाही. तिला राग आला होता आणि तो राग तिला ऊब देत होता. मग दोन मुलींनी चंपाला मधे घेऊन घट्ट मिठी मारली, आणि थर्मासमधला गुळाचा चहा तिच्या ओठांना लावला.

वीसेक मिनिटांनी रेनकोटाच्या आतून आवाज आला.

"सुले, पेपर कोणता आहे गं? छातीवर बातम्या टोचतायत."

तेव्हा मात्र सुलक्षणा रडली.

*

सोमवारी प्रार्थनेनंतर कारखानीसबाईंनी सहलीचा वृत्तांत सांगितला. "एका विद्यार्थिनीला किंचित अस्वस्थ वाटू लागले असता श्री. पितळे सरांनी दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल..." टाळ्या. सुलक्षणाचे हात मांडीवरच राहिले. चंपानं तिच्या कानात म्हटलं, "कसलं प्रसंगावधान? ते डोंगर मोजत होते."

पहिल्या तासाला हजेरीपत्रक पोचवायच्या निमित्तानं ती ऑफिसपाशी गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत टेबलासमोर धाकूमामा उभा होता, त्याच्यापुढं टाईप केलेला एक कागद. पितळे सर खिडकीपाशी.

"वाच आणि सही कर," कारखानीसबाई म्हणत होत्या. "मला आनंद होत नाहीये यात. पण उद्या पालक आले तर मी काय उत्तर देऊ? एक शिपाई भर सभेत मुलींच्या... त्या... कपड्यांबद्दल..."

"शमीज, बाई," सुलक्षणा दारातून म्हणाली.

तिघांनीही वळून पाहिलं. आपण आत कधी आलो हे सुलक्षणालाही कळलं नव्हतं.

"बाई, चंपा आज शाळेत आलीय ती त्या शमिजेमुळे. मामानं सांगितलं होतं म्हणून मी नेली होती. आणि मामा आपणहून बोलला नाही. पितळे सरांनी त्याला स्टेजवर बोलावलं. सगळ्यांनी पाहिलंय. विचारा सरांना."

कारखानीसबाईंनी सरांकडे पाहिलं. "बोलावलंत तुम्ही?"

"मी गंमत केली हो," सर म्हणाले. "कळायला नको त्याला?"

"गंमत सरांनी केली आणि माफी मामानं मागायची?"

"सुलक्षणा!" बाईंचा आवाज चढला, पण त्यांची नजर टेबलावरच्या कागदावर गेली आणि क्षणभर तिथंच राहिली. सुलक्षणाला वाटलं, झालं, आता फाडणार. मग बाईंनी कागदावरचं वजन सरळ केलं. "वक्तृत्व स्पर्धा संपली आहे. वर्गात जा."

"पण बाई..."

"जा गो बाय," धाकूमामा हळूच म्हणाला. "तास चुकतलो."

संध्याकाळी ती त्याच्या खोलीत शिरली तेव्हा जानकीमामी भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापत होती, जरा जास्तच जोरात.

"केलीस?"

"केलंय."

"काय लिहिलं होतं?"

"की मी मुलींच्या समोर अशोभनीय बोललंय. नि ह्येच्या फुडं शाळेच्या कामाशिवाय पोरांशी बोलूचंय नाय." तो ते पाठ केल्यासारखं म्हणाला. "जानेवारीत कायम करतले म्हणालेत. सही नाय, तर काम पण नाय."

"पण ते खोटं आहे! तू अशोभनीय बोललास? मामा, तू सही का केलीस? मी लढले असते. मी सगळ्या मुलींच्या सह्या घेतल्या असत्या. चंपाच्या आईला आणलं असतं!"

"सुलक्षणा," त्यानं तिचं पूर्ण नाव घेतलं. एरवी तो सुले म्हणायचा. "गिरणी परत चालू झाली तेवा गेटार असोच एक कागद होतो. संप केलंय ती माझी चूक, ह्येच्या फुडं नीट वागतलंय. सही करी तो आत. माझ्याबरोबरचे केल्यानी. मी नाय केलंय. मान वर करून घराक इलंय. दोन वर्सां. ही लोकांची धुणी धूत होती. मी हय बसून बघी."

भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला होता.

"त्या कागदाचा माका कायच दुख नाय," तो म्हणाला. "पण ह्या वेळी मान वर ठेवून परवडूचा नाय."

सुलक्षणाला काहीतरी जळजळीत बोलायचं होतं. तिला स्पर्धेतली सगळी वाक्यं आठवत होती, अन्याय, शोषण, स्वाभिमान. त्यातलं एकही त्या खोलीत बसत नव्हतं. ती तशीच उठून घरी आली आणि त्या दिवशी आईशीसुद्धा भांडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून धाकूमामा शाळेत तिच्याशी बोलेनासा झाला. जिन्यात भेटला तर बाजूला सरकून वाट द्यायचा, जशी तो इन्स्पेक्टरला देतो तशी. छोटी पोरं "मामा, घंटा कधी?" म्हणून त्याच्या पायांत घुटमळायची, तर तो नुसता घड्याळाकडे बोट दाखवायचा.

*

जानेवारीत आठवीची आणि नववीतल्या राहिलेल्यांची दुसरी सहल ठरली. भूगोलाचा तास चालू होता. धाकूमामा सूचनावही घेऊन दारात आला, आत यायला परवानगी मागून टेबलाशी आला, वही उघडून सरांपुढे ठेवली आणि भिंतीजवळ जाऊन उभा राहिला. आता तो कायम झाला होता. खाकी शर्ट नवा होता.

पितळे सर वाचायला लागले.

"सहलीस येणाऱ्यांनी पुढील सूचना उतरवून घ्याव्यात. एक. अंगालगत सुती कपडा घालावा, तो घाम शोषतो. दोन. त्यावर एका जाड कपड्याऐवजी दोन पातळ लोकरी कपडे वापरावेत. तीन. वाऱ्यापासून संरक्षणासाठी रेनकोट बाळगावा. नसल्यास शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालावे. चार. चढताना घाम येण्यापूर्वी स्वेटर काढावा, थांबताना थंडी वाजण्यापूर्वी घालावा." त्यांनी घसा साफ केला. "आदेशावरून, श्या. गो. पितळे, सहलप्रमुख."

सुलक्षणाची पेन्सिल चार आकड्यावर थांबली होती. एक एक शब्द त्याचा! नुसता धुऊन, इस्त्री करून, दुसऱ्याच्या नावानं लिहिलेला. कानशिलं तापली तिची. आणि मग तिच्या लक्षात आलं की यादी संपली आहे. पाचवं नाहीच. सगळ्यात महत्त्वाचं तेच नाही. बाकी सगळं शाळेनं घेतलं, आणि ज्याच्यावाचून चंपा कळसूबाईवर राहिली असती तेवढं लाज वाटली म्हणून गाळलं. आणि आता चाळीस नवी पोरं तशीच भिजून त्या वाऱ्यात उभी राहणार.

तिनं धाकूमामाकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं. त्याचा हात शर्टाच्या कडेशी नुसता वर आला होता, खांद्यापर्यंतही नाही, आणि तिथून परत खाली गेला. तो समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिला.

सुलक्षणा उभी राहिली.

"सर, पाचवी सूचना राहिली."

"कोणती?"

"मुलग्यांनी एक जादा गंजी आणि मुलींनी एक जादा शमीज. कोरडी. वर पोचल्याबरोबर ओली बदलायची."

मागच्या बाकावर कुणीतरी फस्सकन हसलं. चंपा वळली आणि तिनं असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं. मग चंपानं वही पुढं ओढली आणि मोठ्यानं म्हणत लिहायला लागली, "पाऽच. मुलींनी एक जादा..." तिच्या शेजारचीनं लिहिलं. तिच्या मागचीनं लिहिलं. थोड्या वेळानं वर्गात पेन्सिलींचाच आवाज होता.

पितळे सर लाल झाले होते. वहीत त्यांनी काही वाढवलं नाही. नववी अ समोरच्या चौकटीत सही केली आणि वही मिटून पुढं सरकवली. धाकूमामानं ती उचलली, सरांना नमस्कार केला. जाताना तो सुलक्षणाच्या बाकाजवळून गेला, पण थांबला नाही.

शेजारी आठवीचा वर्ग. मधे फक्त लाकडी पार्टिशन. सर फळ्यावर नद्यांची नावं लिहीत होते आणि सुलक्षणा पार्टिशनला कान लावून बसली होती. पलीकडे आठवीच्या बाई वाचत होत्या: एक, अंगालगत सुती कपडा. दोन. तीन. चार. आदेशावरून.

मग शांतता झाली. सुलक्षणानं श्वास धरून ठेवला. तिकडे उठून उभी राहणारी कुणी नव्हती. आठवी शिखरावर गेलेली नव्हती. असं वाटलं की पलीकडे कुणीतरी बोलायला तोंड उघडलंय.

"बाई," धाकूमामाचा आवाज आला. "सही राहिली."